आधी झोप, मग आठवण: कोकणात आघातानंतरचं समुपदेशन कसं घ्यावं

मे संपत आला की कोकणात दोन तऱ्हेची गडबड सुरू होते. एक सगळ्यांना दिसते: कौलं परतायची, लाकडं आत घ्यायची, आगोटीची खरेदी करायची, होड्या वर ओढायच्या. दुसरी दिसत नाही. हवामान खात्याचा पहिला इशारा मोबाइलवर आला की कुणाची झोप उडते, कुणी रात्री तीनदा उठून वहाळाचं पाणी बघून येतो, कुणी विनाकारण पोरांवर खेकसतो. घरातले म्हणतात, पावसाळ्याच्या तोंडावर याचं हे असंच असतं.

याला कारणंही तशीच घडली आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला. २ जुलै २०१९ ला तिवरे धरण फुटलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते येऊन गेलं आणि दोन महिन्यांनी, २२ जुलैला, चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला. शिवाय ज्यांची बातमी होत नाही असे आघात आहेतच: महामार्गावरचा अपघात, दर्यात उलटलेली होडी, नवऱ्याचा रोजचा मार, लहानपणी घरातल्याच कुणी केलेला अत्याचार.

अशा माणसासाठी एकात्मिक समुपदेशन म्हणजे शरीर, झोप, विचार, आठवण, नाती, गरज पडल्यास औषध आणि त्याची श्रद्धा या सगळ्यांचा मिळून एकच आराखडा करणं. प्रत्यक्षात मात्र बऱ्याचदा औषध एका गावात, योगवर्ग दुसरीकडे, देवाला गाऱ्हाणं तिसरीकडे, आणि कुणाचा कुणाला पत्ता नाही, असं चालतं. त्याहून मोठी चूक क्रमाची. पहिल्याच भेटीत ‘काय झालं ते सगळं सांगा’ म्हणून माणसाला पुन्हा त्याच पाण्यात उतरवलं जातं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये पिएर जाने यांनीही टप्प्याटप्प्याचाच विचार मांडला होता. माझ्या मते समुपदेशक कोणती पद्धत वापरतो यापेक्षा तो हा क्रम पाळतो का, हे आधी बघावं.

पहिला महिना: खणू नका

घटना ताजी असताना झोप न लागणं, दचकणं, रडू न येणं, सारखं तेच डोळ्यांसमोर येणं हा आजार नव्हे. बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपापली सावरतात. या काळात लागतं ते प्रथमोपचारासारखं काम. त्याची तीन पावलं आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण एकटं पडलंय, कुणाची रक्तदाबाची गोळी पुरात गेली, कुणाचं मूल बोलायचं थांबलंय, हे पाहा. बोललं तर ऐका, न बोलल्यास शेजारी बसा. आणि पंचनामा, रेशन, नातेवाईक, दवाखाना यांच्याशी गाठ घालून द्या. पंचनाम्याच्या कागदात मदत करणं हीसुद्धा मानसिक मदतच आहे, हे मला वरवरच्या सांत्वनापेक्षा फार महत्त्वाचं वाटतं.

सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाकडून अनुभव वदवून घ्यायची पद्धत एकेकाळी जगभर होती. तिचा फायदा दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढला. जागतिक आरोग्य संघटनाही आता ती करू नका म्हणते. गावात मदतीला आलेली मंडळी मोबाइल समोर धरून ‘आजी, त्या रात्रीचं सांगा ना’ म्हणतात, तेव्हा आजीच्या सुनेने सरळ ‘आत्ता नको’ म्हणावं.

झोपेच्या गोळ्यांचंही तेच. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासासाठी देऊ नयेत, असं त्याच संघटनेचं २०१३ पासूनचं सांगणं आहे. शेजारणीच्या डब्यातली गोळी तर नकोच. रात्रीची दारूही झोप आणते ती पहिल्या दोन तासांची. नंतरची झोप ती फोडते आणि स्वप्नं वाढवते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम बंद करू नये, थरथर आणि झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

मुलांना शक्य तितक्या लवकर शाळा, ठरलेली जेवणाची वेळ आणि खेळ परत द्या. मूल पुराचा खेळ पुन्हा पुन्हा खेळत असेल तर रोखू नका. त्या खेळात सुटका कधीच होत नसेल तर एखादी होडी घेऊन तुम्ही खेळात शिरा.

कधी जायचं

महिना उलटला तरी पुढचं टिकून असेल तर जावं: घटनेची स्वप्नं पडणं किंवा नको असताना ती आठवणं, ती जागा, तो विषय, ती माणसं टाळणं, सारखं सावध असणं, दचकणं, आपल्या माणसांपासून तुटल्यासारखं, बधिर वाटणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देत राहणं. यातल्या तीन-चार गोष्टींना ‘हो’ असेल तर तपासून घ्या. आपल्याकडे हे दुखणं शरीरातून जास्त बोलतं. छातीत धडधड, पित्त, डोकं जड, मुंग्या. हृदयाचा आलेख दोनदा काढून झाला, सगळं नॉर्मल आलं, तरी धडधड जात नाही, असं असेल तर डॉक्टरांना घटनेबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

मरणाचे विचार येत असतील तर महिन्याची वाट बघायची नाही. घरच्यांनी स्पष्ट विचारावं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तसं डोक्यात शिरत नाही. ‘पोलीस केस होईल’ ही भीतीही सोडा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतो आणि त्याला शिक्षा न करता उपचार द्यायला सांगतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही. जिवाला धोका असेल तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

कुणाकडे

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक मागायला संकोच नको. समुपदेशक ही पाटी मात्र आजवर कमी-अधिक शिकलेल्या अनेकांनी लावली आहे, म्हणून तिथे जास्त विचारपूस करावी. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाह्यरुग्ण सेवा असते. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक आहे. त्याच्या नावाने गावात चेष्टा चालते, पण तिथे केवळ सल्ल्यासाठी जाऊन दुपारच्या एसटीने घरी परतता येतं.

पहिल्या भेटीत तुम्हीच चार प्रश्न विचारा. आघातावरच्या कोणत्या उपचाराचं प्रशिक्षण घेतलंय? घटनेबद्दल बोलायला कधी सुरुवात करणार? मला मध्येच थांबायचं असेल तर कसं सांगू? औषधाची गरज वाटली तर कुणाकडे पाठवाल? ‘चार भेटींत पूर्ण बरं करतो’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

गोपनीयतेची मर्यादाही तेव्हाच समजून घ्या. जिवाला धोका असेल तर समुपदेशकाला गप्प राहता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे, स्त्रियांसाठी १८१.

आणि आघात अजून चालूच असेल, मारणारा त्याच घरात असेल, तर श्वसनाचे व्यायाम शिकवत बसणं हा क्रूर विनोद आहे. तिथे आधी राहायची जागा, कागदपत्रं, पैसे, विश्वासाचं एक घर, घरगुती हिंसाचारात मदत करणारा सरकारी संरक्षण अधिकारी. बाकी सगळं नंतर.

फोनवरच्या समुपदेशनाने कोकणातली मोठी अडचण सोडवली, कारण गुहागरहून तासन्‌तास प्रवास करून पाऊण तासाच्या भेटीला कोण किती वेळा जाणार? पण घरात एकांत नसतो आणि नेटवर्क मिळतं ते टेपावर, म्हणजे टेकाडावर. वेळ अशी ठरवा की घरचे बागेत असतील. इअरफोन वापरा. कुणी आत आलं तर म्हणायचं एक वाक्य आधीच ठरवून ठेवा, उदाहरणार्थ ‘हो, गॅसचा नंबर लावलाय’. ते ऐकलं की समुपदेशकाने विषय बदलायचा. मे महिना आणि गणपती, म्हणजे चाकरमान्यांनी घर भरलेलं असतं ते दिवस, अवघड विषयांसाठी घेऊच नका.

पहिल्या काही भेटी: शरीर आणि झोप

इथे घाई करणारा समुपदेशक मला पटत नाही. झोप चार तासांवरून सहावर आली, अंग थोडं सैल झालं, घाबरल्यावर स्वतःला परत आणता येऊ लागलं, की मगच पुढे.

श्वास साधा: चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. बाहेर सोडायचा श्वास लांब, एवढंच त्यातलं मर्म. हे घाबरलेलं नसताना शिकायचं, म्हणजे घाबरल्यावर हाताशी येतं.

भान परत आणायचा व्यायाम असा. पडवीत जांभ्याच्या पायरीवर अनवाणी बसा. टाचा दगडावर दाबा, त्याची खरखर जाणवू द्या. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या: तुळस, सायकल, माडाचा बुंधा, सुपारीची रास, दांडीवरचा टॉवेल. मग हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. शेवटी आजची तारीख, वार आणि आपण कुठे आहोत ते बोला. डोळे उघडेच ठेवा.

आता एक गोष्ट जी बाहेरून आलेल्या चोपड्यांत सापडणार नाही. त्यांत वासासाठी ‘ओल्या मातीचा सुगंध आठवा’ असं लिहिलेलं असतं आणि मन शांत करायच्या ध्वनिफितीत समुद्राच्या लाटा असतात. चिपळूणच्या बाजारपेठेत ज्याने दुकानातला चिखल फावड्याने काढलाय त्याला ओल्या मातीचा वास शांत करत नाही. उलटलेल्या होडीला धरून रात्र काढलेल्या खलाशाला लाटांचा आवाज झोपवत नाही. प्रत्येकाने आपला वास, आपला आवाज निवडावा: निलगिरीचं तेल, कोकमाचं आगळ, जात्याचा आवाज, रेडिओ. पावसाचा पत्र्यावरचा आवाज सोसत नसेल तर झोपायची खोली बदला, पत्र्याखालून कौलाखाली जा. तेवढ्याने झोप सुधारलेली माणसं मी पाहिली आहेत.

योगासनं, प्राणायाम चांगलेच, पण डोळे मिटून लांब बसणं, दहा-दहा दिवसांचं मौन शिबिर सुरुवातीला नको. शांततेत आठवण उसळून वर येते आणि सावरायला जवळ कुणी नसतं. सकाळचं अर्धा तास चालणं त्यापेक्षा बरं.

आठवणीकडे जाणं

शरीराला आधार मिळाला की घटनेचं काम सुरू होतं. आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचार आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. ईएमडीआर फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून विकसित केली. त्यात आठवण मनात धरून डोळे ठरावीक पद्धतीने डावी-उजवीकडे फिरवतात. बघायला जादूटोण्यासारखं वाटतं, पण प्रशिक्षित माणसाकडे ते परिणाम देतं. यूट्यूबवर बघून स्वतःवर करू नका. एकाच घटनेसाठी साधारण आठ ते सोळा भेटी धरा. लहानपणापासूनच्या अत्याचारासाठी कितीतरी जास्त.

टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जायचं. समजा, चिपळूणच्या बाजारपेठेतला एक दुकानदार पुरानंतर वाशिष्ठी नदीच्या पुलावरून जातच नाही, लांबून वळसा घालतो. त्याने आणि समुपदेशकाने मिळून कागदावर पायऱ्या लिहायच्या, प्रत्येकीपुढे शून्य ते दहा भीतीचा आकडा. बादलीत नळाचं पाणी पडतानाचा आवाज, तीन. पुराआधीचे दुकानाचे फोटो, चार. उन्हाळ्यात भावाबरोबर रिक्षातून बहादूरशेख नाक्याचा पूल, पाच. तोच पूल एकट्याने चालत, सात. पुराचे व्हिडिओ, आठ. पहिल्या पावसानंतर पुलावर दहा मिनिटं उभं राहणं, नऊ. एका पायरीवर भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं, मग वरची. शेवटची पायरी सोडता हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये करावं. हवामान खात्याचा नारंगी किंवा लाल इशारा असताना पुलावर उभं राहणं म्हणजे उपचार नव्हे. त्या दिवशीची भीती बरोबर आहे आणि तिचं ऐकायचं.

दोषाची टोचणी बहुतेकांत सापडते. ‘आईला माळ्यावर चढवलं, पण दावणीची म्हैस सोडायची राहिली.’ कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात त्या क्षणी मला काय माहीत होतं: अंधार होता, वीज गेलेली, पाणी उंबऱ्याला, आईचा हात माझ्या हातात. दुसऱ्यात आज मला काय माहीत आहे: पाणी पुढच्या तासाभरात किती चढलं, कुठली वाट मोकळी होती. आपण दुसऱ्या रकान्यातल्या माहितीवर पहिल्या रकान्यातल्या माणसाला शिक्षा करत असतो. हे समुपदेशकाने सांगून उपयोग नाही. दोन्ही रकाने त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले की त्याचं त्यालाच दिसतं.

मराठी समुपदेशनात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलायची पद्धत, फार रुळलेली आहे आणि ती चांगली आहे. पण झोप न झालेल्या, थरथरणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ‘तुझा विचार अविवेकी आहे’ म्हटलं तर त्याला ते रागावणंच वाटतं. ती पुढच्या टप्प्यात वापरावी.

शोक हे आणखी वेगळं काम. दर्यात गेलेला माणूस, दरडीखालचा माणूस कधी कधी सापडतच नाही. मग घरची बाई ना विधवा ना सधवा अशी अडकते. कायद्यात सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर मृत्यू गृहीत धरता येतो. आपत्तीत सरकारी आदेशाने ते लवकरही होतं. देह नसताना करायचा पालाशविधी आपल्याकडे आहे. पण कधी करायचा हे तिने ठरवावं, भावकीने नाही. समुपदेशकाने तिच्याकडून ‘तो गेला’ असं वदवून घ्यायची घाई करू नये. तो आठवतो आणि घरही चालवायचं आहे, या दोन्ही गोष्टी तिच्यापाशी एकत्र राहू शकतात.

औषध आणि भगत

औषधाची लाज नको, त्याच्यावर सगळा भारही नको. सर्ट्रालीनसारख्या नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी वाटली म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटल्यावर एकदम बंदही करू नका.

देवाला गाऱ्हाणं घालून कुणाला बळ मिळत असेल तर समुपदेशकाने नाक मुरडायचं कारण नाही. देवळातलं भजन, नारळी पौर्णिमेला दर्याला दिलेला नारळ यांनी माणूस माणसांत परततो. शिमग्यात पालखी खांद्यावर घेतल्यावर महिन्यांनी पहिल्यांदा हसलेला माणूस हे उपचाराच्या वहीत लिहिण्याजोगं आहे. माझी रेघ अशी: भगताने औषध बंद करायला सांगितलं, कुणा बाईला दोषी ठरवलं, पैसे वाढवत नेले किंवा अंगाला हात लावला, की तिथून उठायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

घरच्यांनी

‘जाऊ दे गो, विसर आता’ आणि ‘त्यांचं बघ, त्यांचं तर सगळंच गेलं’ ही दोन वाक्यं बंद करा. त्याऐवजी ‘मी आहे इथे, चहा टाकू का?’ पुरतं. झोपेत ओरडला तर अंगाला हलवून उठवू नका; दिवा लावा, थोडं लांबून नावाने हाक मारा. पुरुष बोलत नाहीत, त्यांना समोरासमोर बसवून काही निघत नाही. जाळं विणताना, नारळ सोलताना, बाजूला बसून जास्त निघतं.

पावसाळ्याचा कागद

१५ मेच्या आत एक कागद तयार करून देवघराजवळ चिकटवा. त्यावर असावं: घर सोडायचं ते कोणत्या खुणेवर, म्हणजे इशाऱ्याचा रंग किंवा पाणी कोणत्या पायरीला, जायचं कुणाकडे, कोणत्या वाटेने, आजी, गुरं, गाडी यांची जबाबदारी कुणाची, प्लास्टिकच्या पिशवीत आधार, सातबारा, बँकेची पुस्तकं, पंधरा दिवसांची औषधं. त्याखाली मनासाठी तीन ओळी. हवामानाची बातमी दिवसातून दोनदाच आणि अधिकृत ठिकाणचीच, जोराच्या पावसात भरतीची वेळही बघायची; व्हॉट्सअॅपवरचे जुने पुराचे व्हिडिओ न उघडता पुसायचे; रात्री घाबरल्यावर फोन कुणाला करायचा, त्याचं नाव. त्या माणसाला आधी विचारून घ्या. खूण ठरलेली असली की रात्री तीनदा वहाळ बघायला जावं लागत नाही, एकदा बघून परत झोपता येतं.

घटनेच्या तारखेचं आधीच ठरवा. २२ जुलैला सुट्टी घ्यायची की कामात राहायचं, कुणाबरोबर जेवायचं, दिवा लावायचा का. आसपासचा आठवडा जड जाणार हे घरात सांगून ठेवा.

भेटी एकदम थांबवू नका. आठवड्याच्या पंधरवड्यावर, मग महिन्यावर आणा. बरं वाटत असलं तरी एक भेट मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि एक ऑगस्टच्या सुरुवातीला, मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठून होड्या पुन्हा दर्यात जातात तेव्हा, आत्ताच लिहून घ्या. खलाशांच्या बायकांना ती दुसरी भेट स्वतःसाठीही मागता येते.